आधी जमीन कोणाची ते बघा

अमेरिकेत शिकार-मासेमारीसाठी गाव बदलायचं म्हणताय, तर एल्क या थोराड हरणाच्या भल्यामोठ्या शिंगांचे फोटो बघून राज्य ठरवू नका. टेक्सासमध्ये हरणं भरपूर, पण बहुतेक जमीन खासगी; ओळख नसेल तर पैसे मोजूनच कुंपणाच्या आत जाता येतं. नेवाडात सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची, पण मोठ्या जनावराच्या शिकारीचा टॅग, म्हणजे ते मारायची परवानगी, सोडतीत लागायला हवा.

माझ्या मते मोंटाना. तिथल्या १९८५च्या कायद्यामुळे सार्वजनिक पुलाजवळून नदीत उतरलं की, काठावरची शेतं खासगी असली तरी, उच्च पाणीपातळीच्या खुणेच्या आत राहून गळ टाकत लांबवर चालता येतं. हे सुख फार मोठं आहे!

मात्र घर घेण्याआधी ऑगस्टमधल्या दुपारी नदीवर जा आणि पाण्यात थर्मामीटर धरा. पारा २० अंशांच्या वर गेला की ट्राउट, हा थंड पाण्यातला मासा, दमतो. पकडून परत सोडलेला मासा हातातून सुटताच कुशीवर कलंडतो, ते बघवत नाही. जानेवारीतही एकदा जाऊन या, घरच्यांना घेऊन.

आणि परवान्याचं आधीच बघा: रहिवासी ठरायला मोंटानात सलग १८० दिवस लागतात, अलास्कात १२ महिने. तोवर बाहेरच्यांचे जास्तीचे दर भरावे लागतात.