सरकारी वकील व्हायचं आहे, पण कोणता?

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी सांगलीत बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला सरकारी वकील व्हायचं आहे आणि तुमचा आग्रह न्यायाधीशाच्या परीक्षेचा आहे. तुमचे आक्षेप तीन आहेत. पोलिस आणून देतील ती केस लढायची, स्वतःचा असा अधिकार काही नाही. सरकार बदललं की वकीलही बदलतात. आणि ही पक्की सरकारी नोकरी आहे की नाही, हेही कुणी धड सांगत नाही. पत्राखाली मुलीने स्वतःच्या अक्षरात एक प्रश्न लिहिला आहे: आरोपी निर्दोष आहे असं मला वाटलं, तर सरकारी वकील म्हणून मी काय करायचं?

मी तिच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर दिलं की तुमचा पहिला आक्षेप आपोआप सुटेल.

सरकारी वकिलाचं काम म्हणजे काहीही करून आरोपीला शिक्षा मिळवणं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. कायद्याची भूमिका वेगळी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत स्पष्ट म्हटलं आहे की, सरकार पक्षातर्फे फौजदारी खटला चालवणाऱ्या वकिलाने निर्दोष माणसाला शिक्षा होणार नाही अशा रीतीने तो चालवावा आणि आरोपीचं निर्दोषत्व सिद्ध करू शकेल असा पुरावा दडवू नये. आरोपीच्या वकिलावर उलट्या बाजूचं असं बंधन नसतं, आपल्या अशिलाविरुद्धचा पुरावा तो स्वतःहून न्यायालयापुढे ठेवत नाही. सरकारी वकिलाने मात्र पोलिसांच्या कागदांत आरोपीच्या बाजूचं काही दिसलं तर ते झाकून ठेवायचं नसतं. त्यामुळे तुमच्या मुलीला पडलेला प्रश्न या पदाच्या आड येत नाही. तो ज्याला पडत नाही, त्याने या कामाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पोलिसांचं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये यावर निर्वाळा दिला आहे. तेव्हा दहशतवादविरोधी 'टाडा' कायदा लागू होता. ठरलेल्या मुदतीत तपास पुरा झाला नाही, तर सरकारी वकिलाच्या अहवालावर मुदत वाढवून मिळायची आणि आरोपी तेवढा काळ कोठडीत राहायचा. न्यायालय म्हणालं, सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही. कायद्याने निर्माण केलेलं ते स्वतंत्र पद आहे. पोलिसांची विनंती पुढे सरकवणारं टपाल कार्यालय होऊन चालणार नाही, स्वतः डोकं वापरून मुदतवाढ खरंच हवी का हे त्याने ठरवायचं. आज संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 'मकोका' कायद्यामध्येही आरोपपत्राची मुदत ९० वरून १८० दिवसांपर्यंत वाढवायची तर सरकारी वकिलाचा अहवाल लागतो. एका माणसाचे तीन महिने त्या अहवालावर अवलंबून असतात. याला अधिकार नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पोलिस आणि सरकारी वकील यांच्यातली ही भिंत दोन्ही बाजूंनी आहे, हेही लक्षात घ्या. आरोपपत्र दाखल करायचं की नाही, हे तपास अधिकाऱ्याने ठरवायचं असतं. सरकारी वकिलाचं मत घेऊनच आरोपपत्र ठेवा, असा आदेश पोलिसांना देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. सरला प्रकरणात सांगितलं. तपास पोलिसांचा, खटला वकिलाचा. आपल्या राज्यात एकेकाळी तालुक्याच्या न्यायालयात उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ते पोलिस खात्याच्या ताब्यात होते. १९९५ च्या शहाणे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोलिसांपासून वेगळं काढायला लावलं. तुमच्या मनातलं 'पोलिसांचा वकील' हे चित्र त्या जुन्या व्यवस्थेतून आलेलं असावं.

सरकारी वकिलाचा सगळ्यात मोठा अधिकार खटला मागे घेण्याचा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६०. वर्तमानपत्रात आपण 'सरकारने आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेतले' असं वाचतो. न्यायालयात गेलेला खटला सरकारला असा परस्पर मागे घेता येत नाही. सरकार फार तर सुचवतं. अर्ज सरकारी वकिलाने करायचा, तोही स्वतः विचार करून, आणि न्यायालयाची संमती मिळाली तरच खटला थांबतो. आरोप निश्चित होण्याआधी संमती मिळाली तर आरोपी दोषमुक्त होतो, नंतर मिळाली तर निर्दोष सुटतो. नव्या संहितेत एक भर पडली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते: ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय आता अशी संमती देता येत नाही. केरळच्या विधानसभेत २०१५ साली अर्थसंकल्पाच्या वेळी तोडफोड झाली होती. आमदारांवरचा तो खटला मागे घेण्याचा अर्ज पुढे सरकारी वकिलाने केला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करायला नकार दिला. त्याच वर्षी न्यायालयाने असंही बजावलं की आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत. अशा अर्जाखाली सही मंत्र्याची नसते, वकिलाची असते. दबाव येतो तो त्या सहीसाठी. तुमच्या मुलीने हे आत्तापासून माहीत करून घ्यावं.

याशिवाय सत्र न्यायालयातला खटला सरकारी वकिलानेच चालवायचा असतो. फिर्यादीने कितीही नामांकित खासगी वकील दिला तरी त्याने सरकारी वकिलाच्या सूचनेनुसारच काम करायचं. अशा वकिलाला साक्षीदारांची तपासणी, उलटतपासणी स्वतः करता येणार नाही, असं २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात ठरलं. पण मर्यादाही आहेत. आरोपी सुटला तर अपील करायचं की नाही हा निर्णय सरकारचा, वकिलाने फक्त अभिप्राय द्यायचा. दिवाणी दाव्यात सरकारच्या वतीने स्वतःच्या मर्जीने तडजोड करता येत नाही.

तुमचा दुसरा आणि तिसरा आक्षेप एकत्र घेतो. त्यांचं उत्तर मुलगी कोणत्या वाटेने जाते यावर आहे.

एक वाट महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची. परीक्षा आणि मुलाखत देऊन सहायक सरकारी अभियोक्ता व्हायचं. काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात. ही खरीखुरी सरकारी नोकरी आहे: पगार, बदल्या, बढत्या, आणि संविधानाच्या कलम ३११ चं संरक्षण, म्हणजे चौकशीशिवाय कुणी बडतर्फ करू शकत नाही. सरकार बदलल्याने नोकरी जात नाही. खासगी वकिली मात्र बंद. वर अभियोग संचालनालय असतं, तेही गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली. नव्या संहितेच्या कलम २० ने या संचालनालयाला ठोस काम दिलं आहे. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या, जन्मठेपेच्या आणि फाशीच्या गुन्ह्यांच्या खटल्यांवर संचालकाने लक्ष ठेवायचं, सात किंवा त्याहून अधिक पण दहापेक्षा कमी वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांवर उपसंचालकाने, आणि सातपेक्षा कमी असलेल्यांवर सहायक संचालकाने. संचालक होण्यासाठी १५ वर्षांची वकिली लागते, किंवा तो सत्र न्यायाधीश असावा लागतो किंवा पूर्वी असलेला चालतो.

दुसरी वाट जिल्हा सरकारी वकिलाची. सत्र न्यायालयात खून-दरोड्याचे खटले चालवताना आपण ज्यांना पाहतो ते हे. नव्या संहितेच्या कलम १८ नुसार किमान सात वर्षांची वकिली हवी, विशेष सरकारी वकील व्हायचं तर दहा. सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून जिल्हादंडाधिकारी नावांची यादी करतात, नेमणूक राज्य सरकार करतं. दिवाणी बाजूला हेच पद 'शासकीय अभिभाषक' म्हणून काम करतं. सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि दावा लागल्यावर न्यायालयाचे समन्स सरकारच्या वतीने हाच वकील स्वीकारू शकतो.

तुमची भीती याच वाटेबद्दल खरी आहे. ही नोकरी नाही, मुदतीची नेमणूक आहे. मोबदला फीच्या रूपात मिळतो. खासगी प्रकरणं साधारणपणे घेता येतात, सरकारविरुद्ध मात्र उभं राहता येत नाही. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एकदम काढून टाकले होते. श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं आणि सांगितलं की या नेमणुकांतही सरकारला मनमानी करता येणार नाही, समानतेचं कलम १४ इथेही लागू आहे. पुढे २००४ मध्ये जोहरी मल प्रकरणात मात्र न्यायालयाने म्हटलं की हे नागरी सेवेतलं पद नव्हे आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण हक्क म्हणून मागता येत नाही. म्हणजे मनमानीला आळा आहे, पण पदाची हमी नाही. २०१६ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात नेमणुका पारदर्शक आणि गुणवत्तेवर व्हाव्यात, असंही न्यायालयाने सांगितलं आहे. प्रत्यक्षात राजकीय ओळखींचा वास अजून गेलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही.

तिसरी वाट उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाची. तिथे प्रमुख महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च वकील. ते संविधानाच्या कलम १६५ मधलं पद आहे. राज्यपाल नेमणूक करतात, त्यांची मर्जी असेपर्यंत ते पद राहतं, आणि विधिमंडळात बोलण्याचा अधिकार असतो, मताचा नसतो. ही वाट लांबची आहे. तिच्याबद्दल आज एवढंच सांगतो की ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली त्याच्याच अखत्यारीत येते. त्यामुळे हे काम बघायला तुमच्या मुलीला मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

आता न्यायाधीश की सरकारी वकील? माझं म्हणणं, हा वाद आज घरात घालूच नका. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. पदवी हातात पडली की लगेच परीक्षा, हा तुमचा बेत आता शक्य नाही. सहायक सरकारी अभियोक्त्यालाही वकिलीचा अनुभव मागतात. म्हणजे दोन्हीकडे जाणारी पहिली काही वर्षं एकच आहेत. शिवाय सहायक अभियोक्ता झाल्याने न्यायाधीशपदाचं दार बंद होत नाही. २०१३ च्या दीपक अग्रवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पगारी असले तरी न्यायालयात उभं राहून खटले चालवणारे सरकारी अभियोक्ते वकीलच राहतात आणि जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला पात्र ठरतात. एखाद्या महामंडळात कागदावर सल्ला देणाऱ्या विधी अधिकाऱ्याला हा लाभ मिळेलच असं नाही. तेव्हा 'लॉ ऑफिसर' अशी जाहिरात दिसली की कोर्टात उभं राहण्याचं काम आहे का, हे आधी विचारा.

मुली, आता थोडं तुझ्याशी. पदवीनंतर सनद घे, अखिल भारतीय बार परीक्षा दे आणि फौजदारी काम करणाऱ्या एखाद्या चांगल्या वकिलांकडे ज्युनिअर म्हणून बस. ते आरोपीचे वकील असतील तर उत्तमच. सरकार पक्षाची केस कुठे फाटते हे तिथूनच नीट दिसतं. फिर्याद, पंचनामा, जबाब, मुद्देमालाची पावती, वैद्यकीय दाखला, हे सगळं एकमेकांशी ताडून वाचायची सवय लाव. पंचनाम्याची वेळ आणि फिर्यादीची वेळ जुळत नसेल तर ते सरकारी वकिलाला साक्षीदार पिंजऱ्यात जाण्याआधी दिसायला हवं. सरतपासणी शिकायला फारसं कुणी उत्सुक नसतं, सगळ्यांना उलटतपासणीचं आकर्षण. पण सरकारी वकिलाचं रोजचं काम सरतपासणीचं असतं, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे घडलं तेवढंच, उत्तर सुचवल्याशिवाय, बाहेर काढायचं. साक्षीदार फितूर झाला तर पुढच्या मिनिटाला न्यायालयाची परवानगी घेऊन त्यालाच प्रश्न विचारावे लागतात. नवे तिन्ही फौजदारी कायदे (भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम) मूळ कलमांसह वाच, आणि जुनी कलमंही पाठ असू दे, कारण जुन्या गुन्ह्यांचे खटले अजून बरीच वर्षं चालणार आहेत.

या सुट्टीत सांगलीच्या जिल्हा न्यायालयात एखादा सत्र खटला निवड आणि त्याच्या प्रत्येक तारखेला जाऊन बस. कंटाळा येईल, तारखा पडतील, साक्षीदार येणार नाहीत. तेही बघ, कारण पुढे ते समन्स बजावले गेले की नाही याचा पाठपुरावा तुलाच करावा लागेल.

आणि बाबा, बदलीचा विचार मात्र तुम्ही दोघांनी बसून करा. सहायक अभियोक्त्याची नेमणूक राज्यात कुठेही होऊ शकते. मुलीला ते चालणार असेल तर परवानगीचा प्रश्न येऊ देऊ नका. आयोगाची जाहिरात निघाली की वयाची आणि अनुभवाची अट आधी वाचा, आणि काही अडलं तर पुन्हा लिहा.

आपला,
करिअर मार्गदर्शक