एकाच सालाच्या दोन नाण्यांना वेगवेगळा भाव का मिळतो?

आजोबांकडचे १९१८चे चांदीचे दोन रुपये आहेत. चकचकीत नाण्याला व्यापारी चांदीचाच भाव देतोय आणि काळपट नाण्याला त्याच्या तिप्पट, ही फसवणूक आहे का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही.

पंचम जॉर्जचा १९१८चा रुपया मुबलक मिळतो. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. म्हणून झिजलेल्या नाण्याला चांदीच्या भावाच्या आसपासच पैसे येतात. त्यावरचं सगळं स्थितीवर ठरतं. मी सर्वात आधी राजाच्या झग्यावरचा इवलासा हत्ती बघतो. भिंगातून त्याची सोंड आणि पाय सुटे दिसतात, की नुसता उंचवटा उरलाय? मग भुवई, कान, दाढी. उंच भाग आधी झिजतात.

तुमचं चकचकीत नाणं लक्ष्मीपूजनाला चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासलेलं असणार. घरोघरी हे होतं आणि मला त्याची फार हळहळ वाटते. टांकसाळीची मूळ चमक ओळखायची असेल तर नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवा: उजेडाचा पट्टाही नाण्यावरून गोल फिरतो. घासलेल्या नाण्यावर तो फिरत नाही, बारीक ओरखडे तेवढे चमकतात. एनजीसी, पीसीजीएससारख्या ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे नाण्याची स्थिती तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या, अशा नाण्याला १ ते ७० मधला दर्जाचा आकडा सहसा देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा देतात. माळेत ओवायला कडी डाखलेल्या नाण्याचीही तीच गत. तुमचं काळपट नाणं बहुधा असं घासलेलं नाही, म्हणून त्याला जास्त भाव.

ग्रेड सारखी असली तरी देखण्या नाण्याला जास्त पैसे मिळतात, आणि ते मला रास्त वाटतं. राजाच्या गालावरचा ओरखडा लगेच डोळ्यांत खुपतो. तोच मागच्या फुलांच्या वेलीत असला तर लपून जातो. चांदीवर आपसूक चढलेली निळसर-सोनेरी छटा असेल तर हौशी लोक चढाओढीने घेतात. शिवराईत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यात, तर ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' ही अक्षरं पूर्ण उमटलेलं नाणं दिसलं की मी झीज थोडी माफ करतो.

दुर्मीळ नाण्याची गोष्ट निराळी. १९३९चा रुपया झिजलेला असला तरी चांगला भाव खातो. त्याच्या नकलाही फिरतात, सांभाळून.

काळपट रुपया फक्त कडेने धरा, पुसू नका. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात असेल तर आजच काढा, त्याने नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. विकायच्या आधी आणखी दोन व्यापाऱ्यांना दाखवा.