खुंटा आणि 'गरिबीचा प्रतीक'

वर्ध्याकडच्या एका खेड्यातून बीएला असलेल्या ताईचा प्रश्न आलाय. कथेत बैल विकल्याच्या दुसऱ्या दिवशी बाप सवयीनं चारा घेऊन गोठ्यात जातो आणि रिकाम्या खुंट्यापाशी थांबतो. सरांनी लिहून दिलं 'खुंटा हा गरिबीचा प्रतीक आहे'. तर हे रूपक की प्रतीक?

आधी तो 'गरिबीचा प्रतीक' खोडा राजेहो! मराठीत ते प्रतीक, गरिबीचं प्रतीक. हिंदीत 'एकता का प्रतीक' बरोबर आहे, आपल्याकडे दोन्ही भाषा एकाच तोंडात असतात म्हणून असं होतं हे समजतं मला, पण दर पंधरा ऑगस्टला भाषणात 'एकतेचा प्रतीक' ऐकलं की डोकं सटकते. आता कोणी अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश काढेल, 'अङ्गं प्रतीकोऽवयवः', बघा पुल्लिंगी. आहे ना, पण वेदातलं प्रतीकम् नपुंसकलिंगी आहे, आणि मराठीतलं लिंग मराठी बोलणाऱ्यानंच ठरवायचं.

खरी मजा त्याच ओळीत आहे. प्रतीक म्हणजे अवयव! अंगाचा भाग! वेदात तर तोंड, आपल्याकडे वळलेली बाजू. प्रति अधिक अञ्च् हा संस्कृत धातू, म्हणजे वळणं, जाणं. प्राची, प्रतीची, उदीची ह्या दिशा त्याच घरातल्या. टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) सांगितलंय की वस्तूची जी बाजू आधी दिसते आणि मग सगळ्या वस्तूचं ज्ञान होतं ते प्रतीक. अर्थ सोळा आणे खरा, पण त्यांनी प्रति+इक अशी फोड केली ती मला मान्य नाही, तो 'ईक' अञ्च्‌चाच आकसलेला तुकडा आहे, टिळक कितीही मोठे असले तरी. आणि 'प्रत म्हणजे कॉपी, म्हणून प्रतीक' सांगणारे गाईडवाले तर साफ चुकीचे. कॉपी म्हणजे प्रतिकृती, तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तो लाकडी बैल ही प्रतिकृती झाली.

अजून एक. यज्ञाच्या ग्रंथांत अख्खा मंत्र न देता त्याचे पहिले दोन-चार शब्द देतात, त्यालाही प्रतीकच म्हणतात. आपल्या भजनात पेटीवाला पहिले दोन शब्द म्हणते अन् पुढचं सगळं मंडळ उचलते, अगदी तसं.

म्हणून माझं ठाम मत आहे की प्रतीक हे कथेच्या अंगाचंच पाहिजे. पांढरं कबूतर म्हणजे शांती हा बाहेरून आणलेला ठरीव संकेत, त्याच्यासाठी कथा वाचायची गरजच नाही. खुंटा त्या गोठ्यातच गाडलेला आहे, बैलाच्या मानेचं दावं रोज त्याला घासलंय.

हो, रूपकाचं राहिलंच. 'बैल म्हणजे माझा भाऊच' असं दोघांना एक करून टाकलं की रूपक. खुंट्याला तुमच्या कथेत कोणी काहीच म्हणत नाही, तो खुंटाच राहतो, म्हणून प्रतीक. पण गरिबीचं म्हणू नका, गरिबी तर बैल विकला तिथंच सांगून झाली. खुंट्यात त्या बापाची सवय आहे, हात चाऱ्याकडे जातात अन् मग त्याला आठवतं. पेपरात हेच लिहा.