चिंता टाकणे आणि लीन होणे: निपाणीच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, मुलाची नोकरी सुटली, पतसंस्थेचे हप्ते थकले, आणि बायबलमधल्या, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातले ‘आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका’ हे वचन रोज म्हणूनही रात्री दोनला जाग येतेच, तेव्हा आपला विश्वास कमी पडतो का, असे तुम्ही विचारले आहे. मला तसे वाटत नाही. आपण ते वचन अर्धेच हाती घेतो, एवढेच. ते ५ व्या अध्यायातले ७ वे वचन आहे आणि वाक्य सुरू होते ६ व्यात: देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा. मूळ ग्रीकमध्ये ‘टाका’ ही स्वतंत्र आज्ञा नाही. ‘चिंता त्याच्यावर टाकून लीन व्हा’ अशी ती रचना आहे. तेच क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच येते, लूकच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात, शिष्य शिंगरावर आपली वस्त्रे टाकतात तेथे. अंगावरचे काढून दुसऱ्या पाठीवर घालायचे, इतका तो साधा शब्द आहे.

तुमच्याकडे तंबाखू आणि सोयाबीन, आमच्या खानापूरकडे भात. रोहिणीत, पाऊस नसताना, कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करायची आणि आभाळाकडे पाहत बसायचे. एका वर्षी मृग कोरडा गेला. मी रोज संध्याकाळी शेतात उतरून कुरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, ओळीत बोट घाली, एखादा दाणा वर काढी, नखाने टरफल सोलून आत किडले की काय ते पाही आणि पुन्हा मातीत दाबी. शेजारच्या शेतातले म्हातारे आबा आठवडाभर हे बघत होते. शेवटी म्हणाले, “असं उकराय लागलास तर पाऊस पडूनबी काय उगवायचं न्हाई.” पेरणे आणि राखणे माझे, पाऊस माझा नव्हे, हे मी प्रार्थनेत रोज तोंडाने मान्य करत होतो आणि बोटाने नाकारत होतो.

चिंतेत अहंकार असतो असे म्हटले की माणूस दुखावतो, आणि ते रास्तच आहे, कारण चिंता बहुधा मायेपोटीच केली जाते. (दुखावलेल्याला ‘तुझा विश्वासच नाही’ म्हणून गप्प करणाऱ्यांची मला चीड आहे.) तरीही, मी जागी राहिले नाही तर घर कोसळेल, या समजुतीत आपण नकळत देवाच्या जागी बसलेले असतो.

पेत्रही काही जन्माचा नम्र नव्हता. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे ठासून सांगणाऱ्या ह्या माणसाने त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारले. पुढे प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात तो तुरुंगात आहे. योहानाचा भाऊ याकोब आधीच तलवारीने मारला गेला आहे, हेरोद राजा पेत्रालाही लोकांपुढे उभा करणार आहे, आणि हा दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मध्ये इतका गाढ झोपला आहे की देवदूताला त्याच्या कुशीवर थाप मारून उठवावे लागते. त्या वेळी मंडळी, म्हणजे तिथला विश्वासणाऱ्यांचा समुदाय, त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत होती.

हप्त्यांचे घरात कोणालाच ठाऊक नाही, मंडळीत तर नाहीच, लोक काय म्हणतील, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मला तेच खटकले. पेत्र तुरुंगात आहे हे मंडळीला ठाऊक होते, म्हणून ती प्रार्थना करू शकली. तुमची लीनता ह्या ठिकाणी कसाला लागेल. आधी घरात सांगा, मग मंडळीतल्या एका विश्वासू बहिणीला, आणि पतसंस्थेत स्वतः जाऊन मुदत वाढवून मागा. झोप महिनोनमहिने अशीच तुटत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांकडेही जा. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही.

मी त्या वर्षी संध्याकाळची फेरी बंद केली नाही. बांधावर उभा राहून प्रार्थना करी आणि खाली न उतरता परत फिरे. पहिले तीन-चार दिवस बोटे नुसती शिवशिवत होती.