चार महिन्यांचं लेकरू अंगावर पितं आणि वहिनी रोज दारू पिते. घरीच कोंडून सोडवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाव आरमोरीकडचं आहे, वहिनी मोहाची दारू घेतात, सकाळी घोट पोटात गेल्याशिवाय त्यांचे हात थरथरतात. सासूबाई म्हणतात तीन दिवस खोलीत कोंडा, कोणी 'बिनवासाची पावडर' सुचवलीय, आणि भरती केलं तर लेकरू काढून घेतील अशी भीती आहे.

आधी कोंडण्याचं. ते करू नका. सकाळची थरथर म्हणजे शरीर दारूवर टेकलेलं आहे. अशा बाईची दारू एका दिवसात तोडली तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, अंग तापतं. म्हणजे सासूबाई सांगतात नेमके तेच तीन दिवस सगळ्यात धोक्याचे. गावात याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात, पुजाऱ्याकडे नेतात, आणि तिथेच वेळ जातो. फिट आली किंवा बडबड सुरू झाली की 108 ला फोन करा. आणि दवाखान्यात भरती होईपर्यंत कोणी रागाच्या भरात त्यांची दारू ओतून देऊ नये.

पावडर तर नकोच. अशा पुड्यांत बहुधा डायसल्फिराम असतं. नकळत दिलं आणि वरून दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हे औषध रुग्णाला सांगून, तपासून, दारू थांबल्यावरच देतात. पाजत्या आईला तर सहसा देतच नाहीत.

मग जायचं कुठे? आशाताईंना सोबत घेऊन आधी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून चिठ्ठी घेऊन गडचिरोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात. मुक्तिपथ या जिल्ह्यातल्या दारू-तंबाखूमुक्ती कार्यक्रमाचं व्यसन-उपचार क्लिनिक तालुक्याच्या ठिकाणी भरतं, वार आशाताईंना विचारा. सल्ला आणि नंतरच्या खेपांसाठी ते चांगलं आहे, पण थरथर असताना पहिले दिवस भरती लागते. फिट पूर्वी येऊन गेली असेल तर नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचं रुग्णालय बरं. निघण्याआधी 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी क्रमांकावर किंवा 14446 या व्यसनमुक्तीच्या क्रमांकावर बोलून घ्या, दोन्ही फुकट आहेत.

भरतीत साधारण 5 ते 7 दिवस जातात. थरथर आणि फिट रोखायच्या गोळ्या देतात आणि रोज थोड्या कमी करत आणतात. दारातच सांगा: 'बाळ अंगावर पितं.' कारण औषध त्यावरून ठरतं. डायझेपाम बाळाच्या अंगात साचतं, लोराझेपाम त्या मानाने लवकर निघून जातं. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपाळलं किंवा ओढून प्यायला लागेना तर लगेच सिस्टरला सांगायचं. दुसरी गोष्ट बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. रोज पिणाऱ्याच्या अंगात ते संपलेलं असतं. ते न देता ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावतो' म्हणणाऱ्या गावच्या डॉक्टरला म्हणूनच हात लावू देऊ नका.

लेकराची भीती बाजूला ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये दारूच्या व्यसनाचे आजार येतात, आणि त्याच्या कलम 21 नुसार भरती असलेल्या आईपासून 3 वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करत नाहीत. बाळाला धोका असेल तरच डॉक्टर तात्पुरतं वेगळं ठेवू शकतात, तेही दर 15 दिवसांनी तपासून. खाजगी केंद्रात न्यायचं ठरलं तर फोनवर आधी चार गोष्टी विचारा: नोंदणी आहे का, बायकांचा वेगळा वॉर्ड आहे का, रात्री बाई परिचारिका असते का, बाळ सोबत चालेल का. बहुतेक केंद्रं पुरुषांसाठीच चालतात, त्यामुळे पहिल्या उत्तराने खचू नका. साखळीने बांधणं त्याच कायद्याने बंद आहे. बांधतात असं कळलं तर तिथून परत फिरा.

दुधाचं म्हणाल तर दारू रक्तात जेवढी, जवळपास तेवढीच दुधात उतरते. पिळून टाकल्याने ती लवकर जात नाही, वेळ जाऊ द्यावा लागतो. देशीचा एक 180 मिलीचा पव्वा उतरायला 8-10 तास लागतात. मोहाच्या दारूचं तर माप नाही, हातागणिक ताकद बदलते. म्हणून भरतीपर्यंतच्या दिवसांत, दारू उतरलेली असताना दूध काढून वाटी-चमच्याने पाजायला ठेवा. थंड जागी ते 4 तास टिकतं, विदर्भाच्या उन्हाळ्यात तेवढं धरू नका. नसेलच तर डब्यातलं दूध डॉक्टरांना विचारून, मापात. पाणी घालून पातळ केलेलं गाईचं दूध नको. आणि प्यायलेल्या आईजवळ बाळाला झोपवू नका, अंगाखाली येऊन गुदमरतं. रात्रीचं बाळ सासूबाईंच्या अंथरुणाजवळ. हे आज रात्रीपासून करा.

घरी परतल्यावर खरी परीक्षा. दादा स्वतः पितात का, हे तुम्ही लिहिलं नाही, पण घरात पिणारा दुसरा असेल तर एकटीचे उपचार फार दिवस टिकत नाहीत. दोघांचं एकत्र नाव नोंदवा. घरात सडवा (दारूसाठी कुजवलेला मोह) किंवा गाळायची भांडी असतील तर भरतीच्या काळातच बाहेर काढा. दारू विकून घर चालत असेल तर उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या) बचत गटाचा मार्ग आधी शोधा, नाहीतर दोन महिन्यांत भट्टी पुन्हा पेटते. बाळंतपणानंतरची उदासी दारूच्या आड लपते. झोप नाही, बाळाकडे बघवत नाही, जीव द्यावासा वाटतो, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मारहाण होत असेल तर 181 या महिला मदत क्रमांकावर फोन करा.

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, पण चालू आहे म्हणता. तो सोडवायचाच, कारण तंबाखूतलं निकोटीन दुधात उतरतं. पण दारूच्या पहिल्या आठवड्यात खर्र्याच्या पन्नीवरून घरात महाभारत नको. खर्रा खाल्ल्यावर लगेच बाळाला छातीशी घेऊ नये, दुसऱ्या आठवड्यापासून पुड्या मोजून कमी कराव्यात, आणि 1800-11-2356 वर तंबाखू सोडण्याचा सल्ला मिळतो. निकोटीनचं च्युइंगम मेडिकल दुकानातून स्वतःच आणून देऊ नका, पाजत्या आईला किती चालेल ते डॉक्टरच ठरवतील.

आणि मध्ये एखाद्या लग्नात त्यांनी पुन्हा घेतली तर शिव्या न देता दुसऱ्याच दिवशी क्लिनिकला घेऊन जा. सलग दोन-तीन दिवस झाले असतील तर पुन्हा भरतीचं विचारा.