घरगुती तेल? मग विमान पण घरगुती म्हणा की!

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलच्या सरांनी विचारलंय की शाळेत वादविवाद स्पर्धा ठेवलीय, विषय आहे 'घरगुती तेल उत्खनन की स्वच्छ ऊर्जा', अमेरिकेत ज्याच्यावरनं निवडणुका लढवतात तोच, तर ह्यात 'उत्खनन' बरोबर की 'खोदकाम' बरोबर, बॅनर प्रिंटला द्यायचाय. सर, तुम्ही विचारलात दुसरा शब्द, खरं माझं डोकं पहिल्यावरच फिरलंय.

घरगुती तेल! अहो घरगुती तेल म्हणजे घाण्यावर जाऊन काढून आणलेलं शेंगतेल. घरगुती खानावळ असते, घरगुती भांडण असतं, घरगुती सिलिंडर असतो 14.2 किलोचा. अमेरिकेनं जमिनीला भोकं पाडून काढलेलं कच्चं तेल घरगुती कसं काय झालं? 'डोमेस्टिक'चा पहिला अर्थ डिक्शनरीत दिसला तो उचलला आणि दिला ठोकून, आणि आता तर भाषांतर मशीन करतंय नि चॅनलवाले न वाचताच खालच्या पट्टीत सोडायलेत. लॅटिनमध्ये 'डोमुस' म्हणजे घरच, मान्य, खरं इंग्रजीत तो शब्द कधीच घराबाहेर पडून देशभर हिंडून आला, आपला 'घरगुती' अजून उंबऱ्याच्या आतच बसलाय. सांबऱ्याहून बेंगळूरला जाणाऱ्या विमानाला कोण घरगुती विमान म्हणतंय काय? देशांतर्गत म्हणतात ना, मग तोच घ्या, नाहीतर सरळ 'देशातलं तेल' म्हणा, विषय संपला.

'देशी तेल' तेवढं म्हणू नका, निदान आपल्या भागात तरी. 'देशी' म्हटलं की लोकांना कुठलं दुकान आठवतं ते सांगायला नको, आणि शेजारी कन्नड बोलीत दारूला 'एण्णे'च म्हणतात, म्हणजे देशी एण्णे की स्वच्छ ऊर्जा असा वादविवाद पोरांना द्याल तर पालक मीटिंगला येतील. आता 'एण्णे' निघालाच आहे तर ऐका, एळ्ळु म्हणजे तीळ आणि नेय् म्हणजे तूप, तिळाचं तूप ते एण्णे. आणि आपलं 'तेल' कुठनं आलं? तिळातनंच, तिल-तैल-तेल. भाषा दोन, घराणी वेगळी, खरं दोघी एकाच तिळाला चिकटल्यात. सीमेवर भांडणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं, असो. रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल', दगडाचं तेल, आणि पेट्रोलियम म्हणजेही तेच, पेट्रा दगड नि ओलियम तेल. म्हणजे आपली आजी रेशनच्या दुकानात रॉकेलला लाइनीत उभी राहायची तेव्हा नकळत पेट्रोलियमचंच भाषांतर मागायची.

बरं, उत्खनन. हा शब्द चूक नाही, जागा चूक आहे. आपल्या बेळगावजवळ वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातली वस्ती उकरून काढली, ते उत्खनन. नदीतली वाळू चोरून उपसतात त्याला पेपरवाले अवैध उत्खनन म्हणतात, ते पण चालेल, कारण तिथं खणून माल वर काढतात. तेल कोण खणत नाही. तेलाला शेकडो मीटर, हजारो मीटर खाली एक बारीक भोक पाडत जातात, फिरतं टोक लावून, आणि तेच भोक ही विहीर. 'खोदकाम' तर त्याहून वाईट, ते रस्त्याचं, गटाराचं आणि केबलवाल्यांचं.

सरकारी परिभाषेत ड्रिलिंगला 'वेधन' म्हणतात. वाईट नाही, खरं माझे एक संस्कृतप्रेमी मित्र आहेत टिळकवाडीचे, ते म्हणतात वेधनच बॅनरवर लिहायला पाहिजे, लोकांना कळेल हळूहळू. काय कळेल? लोक म्हणतील ग्रहणाचे वेध लागलेत की काय. त्यांना मी म्हटलं, काका, तुम्ही ज्या 'व्यध्' धातूवर एवढा जीव टाकता त्याचंच पोर आपल्याकडं दारोदार फिरतंय, त्याला घरात घ्या की. 'विंधणे'! कान विंधतात, मोती विंधतात, पूर्वी बायका नाकाच्या भोकाला 'वेज' म्हणायच्या, बरेच दिवस चमकी घातली नाही तर वेज बुजतं, तो वेज पण त्याच घरातला. आणि पंचायतीच्या कागदावर बोअरवेलला काय लिहितात? विंधन विहीर. एवढा सरळ शब्द असताना वेधन कशाला पाहिजे? तेलाची विंधन विहीर म्हणा, जरा थोडक्यात पाहिजे तर तेलविहीर म्हणा. बोलताना तर 'बोर मारणे' आहेच, उन्हाळ्यात आपल्या गावागावात त्या तमिळनाडूच्या तिरुचेंगोडहून आलेल्या बोरच्या गाड्या रात्रभर घरघरतात, तेच काम मोठ्या प्रमाणात केलं की तेलाचं ड्रिलिंग. पोराला 'अमेरिकेत तेलासाठी बोर मारायलेत' म्हणून सांगा, एका वाक्यात समजतंय की नाही बघा.

आता खरी गंमत. 'ड्रिल, बेबी, ड्रिल', म्हणजे तेलासाठी बोर मारत सुटा, ही अमेरिकेतली घोषणा, 2008 साली रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात त्यांचे नेते मायकेल स्टील यांनी दिली, उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी प्रचारात गाजवली, आणि 20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात परत म्हटली. तिचं मराठी एका ठिकाणी 'कवायत कर, बाळा' असं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय! शाळेच्या ड्रिलच्या तासाला कवायत म्हणतात तिथनं उचललं असणार. (कवायत हा अरबी 'कायदा'चाच अनेकवचनी भाऊ, म्हणून शिस्तीचा.) खरं मूळ डच शब्दात भोक पाडणं, गरगर फिरवणं हेच आहे, शिपायांना मैदानात गोल गोल फिरवायचे ते नंतरचं.

तर ह्या ड्रिलला आपल्याकडं, बेळगाव-धारवाड पट्ट्यात, कुठला शब्द आहे माहिताय? गिरमिट. आता तुम्ही म्हणाल गिरमिट तर चुरमुऱ्याचं असतं. तेच तर सांगतोय! सुताराकडं आडव्या लाकडी मुठीचं आणि टोकाला स्क्रूसारखा पीळ असलेलं छोटं हत्यार असतं, लाकडावर टेकवायचं नि मनगटानं फिरवत राहायचं, पीठासारखा भुसा वर येतो आणि भोक पडतं, ते गिरमिट. इंग्रजी 'गिमलेट'चं आपण केलेलं. ल आणि म यांनी जागा बदलली आणि ल चा र झाला, 'जनरल'चा जरनेल झाला तसलंच उड्या मारणं. जुना मराठी शब्द 'सामता', कन्नडमध्ये 'बैरिगे', खरं बाजारात गिरमिट म्हटलं की हार्डवेअरवाला हातात देतो. आणि एखादा माणूस मागं लागून लागून डोकं पोखरायला लागला की 'गिरमिट लावलंय' म्हणतात ते इथनंच.

आणि चुरमुऱ्याचं गिरमिट? कांदा-टोमॅटो, चिंच-गूळ, हळद यांची शिजवलेली फोडणी डबऱ्यात चुरमुऱ्यावर ओततात, वर पुटाण्याचं पीठ टाकतात, आणि गाडीवाला उलथनं मधोमध रोवून मनगट एकाच दिशेनं गरगर फिरवतो, तळातला मसाला वर येईपर्यंत. बघितलाय ना तो हात? सुताराचाच हात आहे तो. माझं ठाम मत आहे की हुबळीला 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा वर्कशॉप आला, तिथं डब्यांच्या लाकडी कामाला सुतार-मिस्त्री आले, त्यांच्या हातातलं गिरमिट त्यांच्या संध्याकाळच्या खाण्याला चिकटलं. वर्कशॉपच्या गेटबाहेर चुरमुऱ्याची गाडी लागणारच, आणि दिवसभर गिरमिट फिरवलेला मिस्त्री गाडीवाल्याचा हात बघून दुसरं काय म्हणणार?

ह्यावर धारवाडचे एक प्राध्यापक मला सारखं सांगतात की नाही, हे 'ॲग्रीमेंट'वरनं आलंय, फिजीला नेलेले मजूर ते गिरमिटिया, तसं इथं चुरमुरे-कांदा-शेव सगळ्यांचा आपसात करार झाला म्हणून गिरमिट. वा! फिजीला मजूर नेले 1879 ते 1916 मध्ये, जहाजं सुटली कलकत्त्याहून आणि नंतर मद्रासहून, त्यात बहुतेक लोक बिहार-संयुक्त प्रांताचे आणि तमिळ-तेलुगू मुलखातले. त्या करारपत्रातला शब्द हुबळीच्या चुरमुऱ्यात कुठल्या बोटीनं आला ते प्राध्यापकांनी एकदा सांगावं. आणि हत्याराचं नाव खाण्यापिण्याला देणं ही काय आमचीच अक्कल नाही, खुद्द इंग्रजांनी जिन आणि लिंबाच्या पेयाला 'गिमलेट'च म्हटलंय. त्यावर प्राध्यापक म्हणाले ते गिमलेट नावाच्या आरमारी डॉक्टरवरनं आलं असंही मत आहे. असेल मत. मतं पुष्कळ असतात.

घोषणेवरनंच आठवलं, आसामात दिग्बोईला 1889 मध्ये तेलाची विहीर घ्यायला सुरुवात झाली, तिची एक गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते, हत्तीच्या पायाला तेल लागलेलं बघून इंग्रज साहेब ओरडला 'डिग, बॉय, डिग', म्हणून गावाचं नाव दिग्बोई. म्हणजे 'ड्रिल बेबी ड्रिल' च्या शंभर-सव्वाशे वर्ष आधीची घोषणा! ऐकायला झकास, नि म्हणूनच संशय घ्यायचा. त्या भागातल्या नद्यांची नावं घ्या, दिहिंग, दिबांग, दिखौ, दिसांग, सगळीकडं 'दि', आणि दिमासा भाषेत 'दि' म्हणजे पाणी. दिग्बोई त्याच माळेतला मणी असावा, साहेबाच्या ओरडण्याची त्याला गरज नाही. गावाच्या नावाला साहेब शोधायची ही खोड कधी जाणार काय माहीत.

आता 'स्वच्छ ऊर्जा'. सु आणि अच्छ, अच्छ म्हणजे आरपार दिसणारं, नितळ, हिंदीतला 'अच्छा' त्यातलाच. नितळ ऊर्जा म्हणजे काय ते मला विचारू नका, तो प्रचाराचा शब्द आहे, जसा दुसऱ्या बाजूचा 'जमिनीखालचं सोनं'. सौर पॅनेल बनवतात, त्याच्यासाठी वाळू-कोळसा-चांदी काढायला लागते तिथं जाऊन बघितलं तर स्वच्छ कोण म्हणणार नाही, खरं तेल जाळण्याच्या धुराशी तुलना केली तर चालतं म्हणा. मला जास्त राग 'अपारंपरिक'चा. 1992 ला केंद्रात अपारंपरिक ऊर्जा स्रोतांचं वेगळं मंत्रालयच केलं होतं, 2006 ला नाव बदलून 'नवीन आणि नवीकरणीय' केलं, बरं झालं, तरी लोक अजून अपारंपरिकच म्हणतात. ब्याडगीची मिरची कशावर वाळते? खळ्यावर ज्वारी कशावर उपणतात? ऊन आणि वारा जर अपारंपरिक तर पारंपरिक काय, डिझेल? सौंदत्तीकडं जाताना माळावर पंखे दिसतात त्यांना 'पवनचक्की' म्हणतात, ती काय दळत नाही, तरी हा शब्द मला आवडतो, लोकांनी स्वतः लावलाय, कुठल्या समितीनं नाही.

पोरांना मुद्दे पण द्यायचे असतील तर हे घ्या. अमेरिका आज जगात सगळ्यात जास्त कच्चं तेल काढते, दिवसाला 1 कोटी 30 लाख पिंपांच्या आसपास ('पिंप' पोर्तुगीज, पिपा), म्हणजे तेल नाही म्हणून बोंब नाही, आणखी किती आणि कुठं विंधायचं ह्याच्यावर भांडण आहे. बोर मारा म्हणणारे नोकऱ्या आणि स्वस्त पेट्रोल सांगतात, खरं तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, आपल्या परसातली विहीर म्हणून कोण स्वस्त देत नाही. 2008 च्या जुलैत पिंपाला 147 डॉलर झाले होते तेव्हा घोषणा चालली, 2010 च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनचा स्फोट झाला, 11 कामगार गेले, 87 दिवस तेल समुद्रात वाहत होतं, हे पण पोरांनी सांगावं. दुसरीकडं 2022 च्या कायद्यात स्वच्छ ऊर्जेला दिलेल्या करसवलती 2025 ला पुढच्या सरकारनं बऱ्याच कापल्या. म्हणजे तिथं दर निवडणुकीला पाट बदलतोय. आपल्याकडं भांडण तेवढं रंगत नाही कारण विंधायला फारसं नाहीच, 1974 ला समुद्रातलं मुंबई हाय तेलक्षेत्र सापडलं, 2004 ला राजस्थानात बाडमेरला मंगला तेलक्षेत्र, तरी 85 टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरूनच येतं. आपल्या कर्नाटकात तर उलटच, मंगळूर आणि पादूरला जमिनीखाली खडकात पोकळ्या करून त्यात आणीबाणीसाठी तेल भरून ठेवलंय, पादूरला 25 लाख टन मावतं. सगळं जग तेल वर काढतंय आणि आम्ही खाली घालतोय, हा मुद्दा एखाद्या पोरानं मांडला तर परीक्षक हसतील आणि मार्क पण देतील.

बॅनरवर 'देशातल्या तेलविहिरी की ऊन-वारा?' एवढंच लिहा सर, प्रश्नचिन्हासकट. 'ऊर्जा' शब्द हवाच असेल तर खाली बारीक अक्षरात टाका, प्रिंटवाला अक्षरावर पैसे घेत नाही. आणि भालकी-बिदर बाजूला सुतार त्या हत्याराला गिरमिट म्हणतात की सामता, की बैरिगेच म्हणतात, आणि तिथं चुरमुऱ्याला काय म्हणतात, तिकडच्या कुणी वाचत असेल तर कळवा, मला ते प्राध्यापकांना दाखवायचंय.