एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) केल्यावर नोकरी मिळते का? कोल्हापुरातच करू की बाहेर जाऊ?

तुम्ही लिहिलंय, बी.ए. समाजशास्त्र झालंय, घर कोल्हापुरात आहे आणि घरचे म्हणतात, "समाजसेवाच करायचीय तर डिग्री कशाला?" आमच्याकडेही हेच झालं होतं. फक्त आमच्या आत्यानं तो प्रश्न गल्लीभर फिरवला.

नोकरी मिळते. कसली मिळते, हे स्पेशलायझेशनवर ठरतं आणि त्याहून जास्त फील्डवर्कवर. मी इथल्याच, कोल्हापुरातल्या सायबर कॉलेजातून केलं. दोन वर्षं आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क. पहिल्या वर्षी मला सरकारी दवाखान्यातला वॉर्ड मिळाला. शिरोळकडचे एक आजोबा होते, शुगरमुळं पाय काढलेला. मी रिपोर्टात लिहिलं, "रुग्णाला मानसिक आधार दिला." मॅडमनी त्याखाली लाल पेनानं रेघ मारली आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय केलंस?" सांगता येईना. मी त्यांच्या कॉटशेजारी बसून "काळजी करू नका" एवढंच म्हटलं होतं. पुढच्या खेपेला नीट विचारलं, तेव्हा आजोबा म्हणाले, घराला तीन पायऱ्या आहेत आणि संडास परड्यात आहे. पाय गेल्याचं त्यांनी पचवलं होतं, या तीन पायऱ्यांनी त्यांची झोप उडवली होती. मग डिस्चार्जच्या आधी मुलाला बोलावलं, घरात काय बदलता येईल ते बोललो, दिव्यांग प्रमाणपत्राच्या कागदांची यादी करून दिली. पुस्तकात ज्याला केसवर्क म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

आता वाटा. वैद्यकीय बाजूला सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षकाची पदं असतात, पण जाहिरातीची वाट बघत वय निघून जातं, म्हणून खाजगी हॉस्पिटलं आणि ट्रस्टही धरून चाला. मानसिक आरोग्यात जायचं असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे बघा. एचआर (कंपनीतलं मनुष्यबळाचं काम) घेतलंत तर घरचे सगळ्यात खूश. मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावाच लागतो (कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 49 मध्ये ही अट 500 किंवा जास्त कामगारांची होती, 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती 250 ची आहे), त्यामुळं शिरोळी, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत आमच्या बॅचचे बरेच जण आहेत. (त्यातल्या काहींचं काम हजेरी आणि कॅन्टीनच्या तक्रारी एवढंच उरलंय, हेही सांगून ठेवते.) सीएसआरमध्येही, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या कामात, जागा असतात. कंपनी कायदा 2013 नुसार ठराविक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. बाल संरक्षणातलं काम मला सगळ्यात कसाचं वाटतं, पण तिथली बहुतेक पदं कंत्राटी. शिकवायचं असेल तर नेट-सेट समाजकार्य विषयात देता येते.

स्वयंसेवी संस्थेत काम करणार असाल तर एक करा: पगार कुठल्या निधीतून येतो ते मुलाखतीतच विचारा. मी लाजले, विचारलं नाही. प्रकल्प संपला आणि तीन महिने बिनपगारी गेले. घरी सांगायची सोय नव्हती.

बाहेर जायचं तर मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट, 1936 पासूनची. नाव मोठं, प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी द्यावी लागते आणि मुंबईत राहण्याचा खर्च वेगळाच. जमत असेल तर जरूर जा. पण नुसतं नाव बघून कोल्हापूर सोडू नका. इचलकरंजीचे यंत्रमाग, ऊसतोड टोळ्यांची पोरं, 2019 आणि 2021 च्या महापुरात दोनदा घर सोडलेली चिखली-आंबेवाडी, शिकायला एवढं सगळं एका एसटीच्या अंतरावर आहे.

कुठंही प्रवेश घ्या, पण फी भरायच्या आधी सेकंड इयरच्या चार पोरांना कॅन्टीनला गाठा, चहा पाजा आणि फील्डवर्कचे रिपोर्ट दाखवा म्हणा. पानोपानी "मार्गदर्शन केले", "आधार दिला" असंच असेल आणि खाली लाल रेघ नसेल, तर दुसरं कॉलेज बघा.